जोडीनं संध्याकाळ घालवायला विद्यार्थ्यांची चित्रप्रदर्शनं: कोल्हापुरात कुठं, कधी आणि बघायची कशी?

उचगावचे_दोघे

नमस्कार मंडळी. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. सुट्टी रविवारी, कधीमधी शनिवारी अर्धा दिवस. पिक्चर आणि बाहेरचं जेवण म्हटलं की सात-आठशे रुपये कुठं गेले ते कळत नाही, आणि एकमेकांशी बोलणं तर होतच नाही. कोल्हापुरात चित्रकलेची कॉलेजं आहेत, तिथल्या मुलांची प्रदर्शनं भरतात हे माहीत आहे, पण ती नेमकी कुठं आणि कधी? बाहेरच्या माणसांना आत सोडतात का? आम्हा दोघांनाही चित्रातलं काही कळत नाही, शाळेत चित्रकलेच्या तासापुरते रंग हातात धरले तेवढंच. अशा माणसांनी काय बघायचं? आणि एखादं चित्र फारच आवडलं तर विकत मिळतं का? सगळं मिळून दोन-अडीचशेत बसावं अशी इच्छा आहे.

दसरा_चौक

प्रवेशाची काळजी सोडा. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनाला तिकीट नसतं, पास नसतो, वहीत नाव लिहिलं की झालं. उलट अनोळखी माणूस आला की मुलं खूश होतात, कारण एरवी बघणारे म्हणजे सर-मॅडम, आई-वडील आणि वर्गातलीच पोरं.

प्रदर्शनं दोन तऱ्हेची असतात. एक कॉलेजच्या आवारातलं वार्षिक प्रदर्शन. कलानिकेतन, दळवीज, कलामंदिर या तिन्ही कॉलेजांवर लक्ष ठेवा. यात फाउंडेशनच्या म्हणजे पायाभूत वर्गाच्या मुलांची कामं, एटीडीवाल्यांची (कलाशिक्षक पदविका), पेंटिंगच्या वरच्या वर्गांची अशी वर्षभराची सगळी कामं वर्गांच्या भिंतींवर लागतात. शैक्षणिक वर्ष संपत आलं की, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च या काळात ही भरतात. तारखा दरवर्षी सरकतात, म्हणून मागच्या वर्षीच्या तारखेवर भिस्त ठेवू नका.

दुसरी तऱ्हा म्हणजे दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात भरणारी प्रदर्शनं. तिथं चार-पाच मुलं मिळून दालन घेतात, कधी नुकतेच पास झालेले असतात, कधी एखाद्या क्लासची मुलं. ही वर्षभर अधूनमधून चालू असतात. दारावरच्या फलकावर त्या आठवड्याचं लिहिलेलं असतं, जाता-येता नजर टाकली तरी काम होतं. स्थानिक पेपरात 'आजचे कार्यक्रम' असं सदर येतं, त्यातही सापडतं. कॉलेजांची इन्स्टाग्राम पानं बघा, पण तिथली पोस्ट बऱ्याचदा प्रदर्शन उरकल्यावर पडते.

आता फेरी फुकट कशी जाते ते सांगतो. उद्घाटनाच्या संध्याकाळी गेलात तर पाहुणे, सत्कार आणि भाषणं यात तासभर जातो आणि चित्रांसमोर खुर्च्या मांडलेल्या असतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी गेलात तर निम्मी चित्रं भिंतीवरून उतरलेली असतात, कारण दालन वेळेत रिकामं करून द्यायचं असतं. दुपारी एक ते तीन या वेळेत दिवे मालवून पोरं जेवायला गेलेली सापडतात. म्हणून मधला दिवस धरा आणि दुपारी चारनंतर जा. कॉलेजच्या आवारातलं प्रदर्शन असेल तर रविवारी चालू आहे का हे ऑफिसात फोन करून आधी विचारा, काही वेळा ते फक्त कामाच्या दिवशीच असतं.

जानेवारीत आणखी एक चुकवू नये असं म्हणजे रंगबहार संस्थेची 'मैफल रंगसुरांची'. टाऊन हॉलच्या बागेत झाडांखाली चित्रकार आणि शिल्पकार लोकांसमोर बसून काम करतात, बाजूला गाणं चालू असतं. तयार चित्र आणि घडत असलेलं चित्र यातला फरक एका सकाळीत कळतो, आणि पैसे एकही नाही.

एखाद्या रविवारी कुठंच काही नसलं तर टाऊन हॉल संग्रहालय आहेच, सीपीआर रुग्णालयाच्या समोर. १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेली इमारत, तिकीट किरकोळ, सोमवारी बंद. लोक तिथं ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती बघून परत फिरतात, चित्रांच्या दालनाकडं फारसं कुणी वळत नाही. तुम्ही वळा. राजारामपुरी सातव्या गल्लीत चंद्रकांत मांडरे यांचं कलादालन आहे, त्यांच्याच 'निसर्ग' बंगल्यात. नट म्हणून सगळे ओळखतात, पण त्यांची पेस्टलमधली निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंगची कामं शांतपणे बघण्यासारखी आहेत. आधी ही जुनी कामं बघितलीत की नंतर कॉलेजातल्या पोरांच्या हातात कोल्हापूरचं वळण कुठून आलं ते दिसायला लागतं.

कोळसा_खोडरबर

बघायचं कसं यावर लिहितो, कारण 'आम्हाला कळत नाही' म्हणून बरेच लोक दारातूनच परत जातात.

दोघांनी मिळून पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत ओळीनं जाऊ नका. वार्षिक प्रदर्शनात कामं शेकड्यानं असतात, पंधरा-वीस झाली की डोळे दमतात आणि पुढचं सगळं सारखंच दिसतं. त्यापेक्षा आत गेल्यावर दहा मिनिटांत न थांबता एक पूर्ण चक्कर मारा. मग वेगळे व्हा. प्रत्येकानं वीस मिनिटांत दोन चित्रं निवडायची: एक मनापासून आवडलेलं, आणि एक जे आवडलं की नाही तेच ठरत नाही. मग एकमेकांना तिथं घेऊन जायचं, पण निवडणाऱ्यानं गप्प बसायचं. समोरच्यानं आधी बोलायचं, काय दिसतंय, डोळा कुठं जातोय. ही एवढी अट पाळा. कारण 'बघ, किती छान आहे ना' असं आधी म्हटलं की पुढं बोलायला काही उरत नाही. चार चित्रांवर अर्धा-पाऊण तास सहज जातो.

उभं कुठं राहायचं? चित्राच्या कर्णाच्या साधारण दुप्पट अंतरावर. मुलांची जलरंगातली कामं बहुतेक पाव किंवा अर्ध्या इम्पीरियल कागदावर असतात, म्हणजे ११ × १५ किंवा १५ × २२ इंच. पाव साइजसाठी तीन फूट, अर्ध्यासाठी साडेचार फूट. आधी तिथून बघा, मग वीतभर अंतरापर्यंत जवळ जा, परत मागं या. तैलरंगावर दिव्याची चकाकी येत असेल तर मागं-पुढं होऊन उपयोग नाही, दोन पावलं बाजूला सरका.

आता एक नमुना घेऊ. पंचगंगा घाटाचं जलरंगातलं चित्र, कोल्हापुरात एकाही प्रदर्शनात हे नाही असं होत नाही. दीपमाळ, पायऱ्या, पाणी. यात काय तपासायचं?

दीपमाळेचं पाण्यातलं प्रतिबिंब बघा. प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खालीच पडतं, ऊन कुठल्याही बाजूनं असो. सावली मात्र उन्हाच्या विरुद्ध दिशेला तिरकी जाते. नवशिक्या हातून या दोन्हींची गल्लत होते आणि प्रतिबिंबसुद्धा सावलीबरोबर तिरकं जातं. ज्याला हे जमलंय त्यानं आणखी एक गोष्ट केलेली असते: गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं उजळ आणि उजळ वस्तूचं थोडं गडद.

मग पांढरा शोधा. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, तिथं कागद कोरा सोडतात. पाण्यावरची चमक, धुऊन वाळत घातलेल्या साडीचा काठ, देवळाच्या भिंतीवरचं ऊन, हे सगळं कोरा कागद असेल तर मुलानं रंग लावायच्या आधीच ठरवलेलं होतं. जिथं पांढरा पोस्टर कलर नंतर थापलाय तिथं तो खडूसारखा निस्तेज दिसतो.

आकाशात फुलकोबीसारखे कातरलेले डाग दिसले तर समजा की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, अर्धवट वाळला असताना त्यात परत पाणी पडलं. हिरव्यात आणि करड्यात मातकटपणा आला असेल तर तीनपेक्षा जास्त रंग कालवलेत किंवा ओल्यावर परत परत ब्रश फिरवलाय. आणि सावल्या. जागेवर बसून केलेलं चित्र दीड-दोन तासांत उरकावं लागतं, कारण दोन तासांत सूर्य तीस अंश सरकतो. डावीकडच्या पायऱ्यांची सावली एका बाजूला आणि उजवीकडच्या देवळाची दुसऱ्या बाजूला असेल, तर चित्र उशिरापर्यंत रेंगाळलं.

या सगळ्या चुका शोधून चित्राला नापास करा असं मी म्हणत नाही. उलट दोन चुका असूनसुद्धा पाण्याचा ओलावा जाणवत असेल तर त्या पोराच्या हातात काही आहे. विद्यार्थ्यांचं काम बघण्यातली खरी मजा हीच आहे, की काय साधायला गेला आणि कुठं निसटलं हे दोन्ही कागदावर एकत्र दिसतं. मुरलेल्या चित्रकाराच्या कामात ते झाकलेलं असतं.

बाकी विभागांबद्दल थोडक्यात. कोळशातल्या व्यक्तिचित्रात तोंडवळा जुळलाय का हे आपल्याला कळणार नाही, मॉडेल आपण बघितलेला नसतो. त्यापेक्षा कान आणि आपल्यापासून लांबच्या बाजूचा डोळा बघा, तिथं हात लटपटतो. शाडूची डोकी सगळ्या बाजूंनी फिरून बघा; पुढून सुरेख आणि मागून कवटी चपटी, हे नेहमी सापडतं. शाडूला बोट लावू नका, ठसा उमटतो. उपयोजित कलेची, म्हणजे जाहिरातकलेची, पोस्टरं दहा फुटांवरून बघा. तीन सेकंदांत विषय कळला तर पोस्टर जमलं, नाहीतर नाही, इतकं सरळ.

नंतर वेळ असेल तर चित्रातल्या जागेवर जा. दसरा चौकातून पंचगंगा घाट गाडीवर जवळच आहे. ज्या कोनातून चित्र काढलंय तिथं उभं राहायचं आणि त्यानं काय गाळलं ते शोधायचं. विजेच्या तारा, गाड्या आणि फ्लेक्स बहुतेक सगळ्यांनीच गाळलेले असतात. दुसरी जागा रंकाळा तलाव. कोल्हापूरचे जुन्या काळचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथं आणि तलावातल्या दगडी संध्यामठाजवळ बसून काम केलं, तेव्हापासून कोल्हापूरच्या चित्रकारांची ती बसायची जागा आहे. तलाव भरलेला असताना संध्यामठाचा बराच भाग पाण्यात असतो, म्हणून चित्रातला मठ आणि समोरचा मठ जुळला नाही तर आधी ऋतू कुठला ते बघा.

मंगळवार_पेठ

खर्चाचा हिशोब. प्रदर्शन फुकट. दोन चहा तीस रुपयांच्या आत. संध्याकाळी खासबाग खाऊगल्लीत दोन भेळ शंभर-सव्वाशे. नाहीतर गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध, तेही स्वस्त. पेट्रोल धरून दोनशेत आरामात बसतं.

सकाळी जाणार असाल तर मिसळ आधी, प्रदर्शन नंतर. फक्त हात साबणानं धुवून जा. कटाचं तेल बोटांना राहतं आणि कामं बऱ्याचदा काचेशिवाय नुसत्या माउंटवर, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर, लावलेली असतात. शनिवार-रविवारी अंबाबाईला आलेल्या गाड्यांनी दसरा चौकातलं पार्किंग भरतं, दुचाकीला जागा मिळते, चारचाकी नेऊ नका.

उचगावचे_दोघे

एवढं सविस्तर लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. ती 'समोरच्यानं आधी बोलायचं' ही अट दोघांनाही आवडली. आता दोन शंका. चित्रं काढणारी मुलं तिथंच उभी असतात, त्यांच्याशी काय बोलायचं? उगीच 'छान आहे' म्हणून पुढं सरकायला बरं वाटत नाही. आणि विकत घ्यायचं म्हटलं तर भाव कसा विचारायचा, घासाघीस करायची का?

वांगी_बोळ

ताई-दादा, 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न तेवढा टाळा. अठरा-वीस वर्षांची मुलं असतात, घाबरून काहीतरी पाठ केलेलं बोलतात. हाताच्या कामाबद्दल विचारा. 'कुठं बसून केलंस?' 'सुरुवात कुठून केलीस?' 'किती वेळ लागला?' 'यातला सगळ्यात अवघड भाग कुठला?' शेवटच्या प्रश्नावर मुलं खुलतात आणि चित्राच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवतात, आणि तो कोपरा तुम्ही बघितलेलाच नसतो.

फोटो काढण्याआधी विचारा, फ्लॅश बंद ठेवा, आणि कुठं टाकणार असाल तर चित्रकाराचं नाव लिहा. अभिप्रायाच्या वहीत 'खूप सुंदर, शुभेच्छा' यानं पानंच्या पानं भरलेली असतात. तुम्ही चित्राचं नाव किंवा क्रमांक लिहा आणि एकच नेमकं वाक्य: 'घाटाच्या चित्रातला पायरीवरचा कोरा कागद आवडला.' मुलं ती वही घरी नेऊन वाचतात.

माउंटबोर्ड

विकत घेण्याबद्दल मी लिहितो.

चित्राखाली किंमत असेल तर तीच. लाल टिकली लावलेली असेल तर ते विकलं गेलंय. किंमत नसेल तर बाजूला घेऊन हळू आवाजात विचारा, 'हे द्यायचं आहे का?' वार्षिक प्रदर्शनातली बरीच कामं परीक्षेला जोडायची असतात, ती लगेच मिळत नाहीत. नाव-नंबर देऊन ठेवा आणि निकालानंतर घ्या. घासाघीस करू नका. चांगला जलरंगाचा कागद, रंग, माउंट आणि वर फ्रेम, एवढा खर्च पोरानं आधीच खिशातून केलेला असतो. बजेट कमी असेल तर सरळ सांगा, 'आमच्याकडं एवढेच आहेत, यात एखादं छोटं सरावाचं चित्र मिळेल का?' पोर्टफोलिओत भिंतीवर न लावलेली स्केचेस असतात, त्यात फार चांगली कामं सापडतात.

कमी पैशात अस्सल काम हवं असेल तर छापचित्र बघा, लिनोकट किंवा वुडकट, म्हणजे लिनोलियम किंवा लाकडावर कोरलेल्या ठशानं छापलेलं. खाली पेन्सिलनं डावीकडं ३/१० असं लिहिलेलं असतं, म्हणजे दहा प्रतींतली तिसरी. मध्ये नाव, उजवीकडं सही. एकाच ठशाच्या अनेक प्रती निघतात म्हणून किंमत उतरते, पण प्रत्येक प्रत हातानंच छापलेली असते. घेताना काळा भाग तिरक्या उजेडात धरा. शाई कमी पडली असेल तर मीठ पेरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. दोन प्रती समोर ठेवायला सांगा आणि भरीव काळी निवडा.

घरी नेताना जलरंगाचं चित्र आणि छाप गुंडाळू नका, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट न्या. दुचाकीवर मागं बसणाऱ्यानं पाठीमागून आडवं धरायचं, वाऱ्याला उभं धरलं की पुठ्ठा वाकतो. कोळशाचं काम असेल तर फिक्सेटिव्ह (कोळसा पुसू नये म्हणून मारायचा फवारा) मारलंय का विचारा, नसेल तर वर बटर पेपर ठेवून न घासता न्या.

फ्रेमवाल्याकडं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून हे नीट वाचा. 'फेव्हिकॉल लावून हार्डबोर्डवर चिकटवतो, सुरकुती पडणार नाही' असं सांगितलं तर नको म्हणा. लॅमिनेशनलाही नको म्हणा. कागद आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. चारही बाजूंनी चिकटवला की त्याला हलायला जागा राहत नाही, मग मधूनच फुगे येतात आणि ते कधीच जात नाहीत. कागदी पट्टीनं फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी अडकवायला सांगा, खाली मोकळा लोंबू दे. पुढं माउंट, म्हणजे मधून खिडकी कापलेला पुठ्ठा, लावा, म्हणजे काच कागदाला टेकत नाही. टेकली की दमटपणानं कागद काचेला चिकटतो आणि काढताना रंग उचलतो. पाव इम्पीरियलला चारही बाजूंनी दोन इंच माउंट धरला तर फ्रेम साधारण १५ × १९ इंच होते. माउंट चित्रावर पाव इंच चढतो, म्हणून थोडं कमीच धरा. सही कडेला असेल तर ती झाकली जाणार नाही ना, हे आधी बघा. मागची बाजू कागदी टेपनं पूर्ण बंद करून घ्या, फटीतून बारीक किडे शिरतात.

उचगावचे_दोघे

माउंटबोर्ड दादा, आमच्या हॉलची एकच भिंत मोकळी आहे, पश्चिमेची, आणि पावसाळ्यात तिला ओल येते. तिथं जलरंगाचं चित्र लावलं तर?

माउंटबोर्ड

नका लावू. ओल्या भिंतीला टेकलेल्या फ्रेममध्ये एका पावसाळ्यात कागदावर तपकिरी ठिपके येतात, ती बुरशी असते आणि ती पुसून जात नाही. जलरंग आतल्या भिंतीवर लावा, म्हणजे जिच्या दुसऱ्या बाजूलाही खोलीच आहे. दोन खोल्यांच्या मधली दाराशेजारची तीन फुटांची पट्टी असली तरी पाव साइजचं चित्र बसतं. पश्चिमेच्याच भिंतीवर लावायचं असेल तर कॅनव्हासवरचं ॲक्रिलिक काम घ्या. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बाटलीच्या बुचाचे अर्धा इंच जाड तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहते. तरी जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा काढून मागची बाजू कोरड्या सुती फडक्यानं पुसा. दुपारचं ऊन खिडकीतून थेट त्या जागेवर येतंय का तेही बघा. गुलाबी आणि जांभळे रंग उन्हात सगळ्यात आधी उडतात, आणि मुलांचे रंग बऱ्याचदा विद्यार्थी दर्जाचे असतात. घेताना 'कुठल्या कंपनीचे रंग वापरलेस?' हेही विचारून ठेवा, त्यावरून जागा ठरवता येईल.